नाही, मी गात नाही

स्टेजवर चढले की साउंडवाल्या पोराचा पहिला प्रश्न ठरलेला. "ताई, तुम्हीच गाऊन राहिल्या ना? माइक कोणता देऊ?" मी सांगते, "गात नाही रे बाबा, बेस वाजवते." तो माझ्या साडीकडे बघतो, पाठीवरच्या माझ्या डोक्याहून उंच बॅगेकडे बघतो. बॅग उघडली की पुढचा प्रश्न : "हे तं गिटारच आहे. बाकीच्या दोन तारा कुठं गेल्या?"

मी नागपूरच्या नंदनवनात राहते, केडीके कॉलेजच्या मागच्या बाजूला. आठवडाभर एका पतसंस्थेत हिशेब लिहिते आणि रविवारी आमच्या ड्रमरच्या वरच्या खोलीत बेस गिटार वाजवते. आमचा ग्रुप सहा जणांचा. ड्रमरचं औषधांचं दुकान आहे, कीबोर्डवर निवृत्त संगीतशिक्षक सर, गिटारवाला घरी बसून पुण्याच्या कंपनीचं काम करतो, आणि दोन गायक. कोणाचंच पोट यावर नाही. गणपती, शारदादेवी, कोजागिरी, कोणाच्या लग्नाचा पंचविसावा वाढदिवस, एप्रिलमध्ये भीमगीतं, एवढा आमचा वर्षाचा पसारा. मार्चमध्ये मी कार्यक्रम घेत नाही. तेव्हा ताळेबंद असतो.

मी यात आले ती अपघातानं. आधीचा बेसवाला नोकरीसाठी नागपूर सोडून गेला आणि कोजागिरीला बारा दिवस उरले होते. सरांकडे मी हार्मोनियम शिकायचे. ते म्हणाले, "तुझी लय पक्की आहे, बोटं मागून येतील." लॉस एंजेलिसच्या कॅरल के या बाईंचंही असंच झालं होतं. त्या गिटार वाजवायच्या. 1963 साली एका रेकॉर्डिंगला बेसवाला आलाच नाही, म्हणून त्यांच्या हातात बेस दिला. पुढं त्या अमेरिकेतल्या सर्वांत जास्त रेकॉर्डिंग केलेल्या बेसवादकांपैकी एक झाल्या. माझं काही तसं झालं नाही. कोजागिरीला मात्र मी चौदापैकी अकरा गाणी धडपणे वाजवली.

बेस म्हणजे काय हे नातेवाइकांना मी तबल्यावरून सांगते. तबलजीचा डावा हात जे डग्ग्यावर करतो, ते ग्रुपमध्ये बेस करतो, फक्त सुरात. गिटारच्या खालच्या चार तारांचेच सूर, पण एक सप्तक खाली. गिटारची सर्वांत जाड तार सेकंदाला साधारण 82 वेळा कंप पावते, बेसची 41 वेळा. मोबाइलच्या एवढ्याशा स्पीकरमधून हे कंप बाहेरच पडत नाहीत. म्हणूनच मोबाइलवर गाणी ऐकणाऱ्या माणसाला बेस ऐकूच आलेला नसतो. इअरफोन लावून आर. डी. बर्मन यांची जुनी गाणी पुन्हा ऐका. त्यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ बेस वाजवायचे. विजेचा बेस येण्याआधी हे काम उभ्या, माणसाएवढ्या डबल बेसवर चालायचं. 1951 मध्ये लिओ फेंडर यांनी मानेवर धातूच्या पट्ट्या ठोकून घरं पाडलेला, गळ्यात अडकवता येणारा विजेवरचा बेस बाजारात आणला आणि डबल बेस उचलून नेणाऱ्यांची पाठ वाचली. पाठ वाचली म्हणायचं एवढंच. माझं वाद्य चार किलोंचं आहे आणि ते खांद्यावर घेऊन मी जगनाडे चौकातून स्कूटी चालवते.

तर मुख्य गोष्ट पट्टीची.

आमचे थोरले गायक कधीही 'सी शार्प' म्हणत नाहीत. ते म्हणतात, काळी एक. विदर्भात काय, महाराष्ट्रभर गाणारी माणसं हार्मोनियमच्या पट्ट्यांच्याच भाषेत बोलतात, आणि नवीन बेसवाल्यानं ही भाषा आधी शिकावी. माझ्या चार मोकळ्या तारा म्हणजे ई, ए, डी, जी. हार्मोनियमच्या भाषेत पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पाच. चारही पांढऱ्या. आता काळी एकला सा धरून सगळे शुद्ध स्वर मोजून बघा. या चारांपैकी एकही त्यात येत नाही. म्हणजे गाणंभर प्रत्येक सूर बोटानं दाबायचा, मोकळ्या तारेवर क्षणभर विसावा नाही. तेच गायक अर्धा सूर खाली, पांढरी एकला आले की चारही मोकळ्या तारा आपसूक त्या सप्तकात बसतात. इतका फरक एका पट्टीनं पडतो.

पहिल्याच वर्षी मी यात सापडले. एका लग्नाच्या वाढदिवसासाठी एक गाणं पांढरी एकमध्ये तयार केलं होतं, मोकळ्या तारा मजेत वापरून. स्टेजवर गायक हळूच म्हणाले, "आज आवाज लागून राहिला, काळी एक घ्या." सरांनी कीबोर्डवरचं एक बटण दाबलं. गिटारवाल्यानं तारांवर लावलेली क्लिप एक घर पुढं सरकवली. बेसला ना बटण, ना बेसवाले क्लिप वापरत. मुखडा संपेपर्यंत मी तीन चुकीचे सूर दणकून वाजवले, आणि बेसचा चुकीचा सूर गाणाऱ्याच्या पायाखालून सतरंजी ओढतो. ते माझ्याकडे वळून बघत होते ते मला अजून आठवतं.

तेव्हापासून माझा नियम आहे : गाणं बसवताना मोकळी तार वापरायची नाही. सगळे सूर दाबून शिकले की हाताचा एक आकार तयार होतो, तो आकार तसाच एक घर वर किंवा खाली न्यायचा. कार्यक्रमात पट्टी पक्की झाली की मग खुशाल मोकळ्या तारा वापरा. आणि वही ठेवा. माझ्या वहीत प्रत्येक गाण्यापुढे चारच गोष्टी असतात : पट्टी, ताल, अंतरे किती, शेवट कसा. पट्टी आदल्या दिवशी विचारायची आणि स्टेजवर चढायच्या आधी पुन्हा विचारायची, कारण मधल्या वेळात गायकानं तर्री पोहे खाल्लेले असतात.

सुरांची भीती बाळगू नका. निम्म्या गाण्यांत सा आणि प यांच्यावर काम भागतं, सूर बदलला की त्याच्याबरोबर जायचं. केरव्यात पहिल्या मात्रेला ड्रमरचा पाय आणि तुमचं बोट एकत्र पडलं पाहिजे, बाकी मात्रांना काय करायचं ते मागून सुचेल. मला ड्रमरचा पाय दिसेल अशीच जागा मी धरते, फोटोत अर्धा चेहरा आला तरी चालेल.

कोणी विचारतं, आता तर सगळं ट्रॅकवर मिळतं, बेसवाल्याची गरज काय? खरंच आहे. शहरात कराओकेवर गाणारे ग्रुप उदंड झालेत, आणि बऱ्याच ऑर्केस्ट्रांत बेस कीबोर्डवाल्याच्या डाव्या हातात गेला आहे. पण गायक दुसरा अंतरा विसरून थेट तिसऱ्यावर गेला तर ट्रॅक थांबत नाही. मी थांबते. त्याचा श्वास बघून मुखड्याच्या सुरावर घुटमळते, तो सावरला की पुढं निघते. कार्यक्रमाला किमान दोनदा हे होतं आणि लोकांना पत्ताही लागत नाही.

आता विजेचं. आपल्याकडची वीज सेकंदाला 50 आवर्तनांची. माझ्या सर्वांत जाड तारेवर तिसऱ्या घरात जो सूर मिळतो, तो 49 आवर्तनांचा. म्हणजे मंडपातली खराब वायरिंग जो 'घूंऽऽ' आवाज काढते, तो अगदी माझ्याच सुराला खेटून बसतो. गिटारचा सर्वांत खालचा सूरही याच्या बराच वर असतो. घरी सरावाला बसले की कूलरही त्याच्याच आसपास गुणगुणतो. मी त्याच्याशी सूर जुळवून बघितला आहे, थोडा चढा लागतो.

घूं आवाज नुसता कानाला खटकतो असं समजू नका. एका मंडळात बोर्डाला प्लगच नव्हता, वायरची उघडी टोकं आगपेटीच्या काड्या खोचून बसवली होती. अर्थिंग नाही. माझा हात तारांवर होता, आणि कोरस द्यायला मी माइकजवळ तोंड नेलं. ओठांना असा झटका बसला की दोन दिवस जिभेवर पितळेची चव होती. तो झटका मोठाही असू शकला असता. आता माझ्या बॅगेत स्वतःचा तीन पिनांचा एक्स्टेन्शन बोर्ड, टेस्टर आणि दोन वायरी असतात. माइकला पहिला स्पर्श उलट्या हातानं करते. तिसरी पिन कापून दोन पिनांत घुसवायला निघालेल्या पोराला मी वाजवणार नाही म्हणून सांगते. मंडळवाले रागावतात. रागावोत.

जागेप्रमाणे बेस बदलतो हेही उशिरा कळलं. माझ्या सर्वांत खालच्या सुराची एक लाट साधारण आठ मीटर लांब असते. मंगल कार्यालयाच्या संगमरवरी फरशीवर आणि चार भिंतींत ती आपटत राहते, सगळं गढूळ होतं. तिथं खालचा आवाज कमी करायचा आणि सूर तोडून वाजवायचे. मोकळ्या मैदानावर भिंतच नाही, तिथं आवाज विरून जातो. दोन्हीकडे एकच बटणं लावून वाजवणारे भेटतात. आणि हीच लांब लाट भिंती ओलांडून शेजारच्या आजीबाईंच्या पलंगापर्यंत पोचते, म्हणून आमचा रविवारचा सराव साडेआठला बंद होतो. उघड्यावरच्या कार्यक्रमात तर रात्री दहानंतर लाउडस्पीकर कायद्यानंच बंद. वर्षातले मोजके दिवस सरकार बारापर्यंत सूट देतं, ते दिवस आधी विचारून घ्यावेत.

तारांची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. बेसच्या तारांचा एक चांगला संच स्वस्तात येत नाही. घामानं, कूलरच्या ओलाव्यानं त्या तीन-चार महिन्यांत मेल्यासारख्या वाजतात. तारेभोवती जी बारीक गुंडाळी असते, तिच्या खाचांत मळ आणि बोटांची साल साचते. यावर जुनं औषध म्हणजे तारा उकळायच्या. चारही तारा सोडवायच्या, गुंडाळी करून पातेल्यात घालायच्या, भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब, दहा मिनिटं उकळी. पाणी चहासारखं तांबूस होतं. एकदा सासूबाई स्वयंपाकघरात आल्या आणि झाकण उचलून बघितलं. म्हणाल्या, "हे काय शिजवून राहिली वो?" मी सांगितलं. त्यांनी झाकण ठेवलं, आणि ते पातेलं त्या दिवसापासून माझं झालं. त्यात दूध तापत नाही. मे महिन्यात गच्चीवर तारा पाच मिनिटांत खडखडीत वाळतात. त्यानंतर दोन-तीन आठवडे त्या नव्यासारख्या बोलतात. तेच ऊन वाद्याला मात्र मारक. बंद गाडीत किंवा गच्चीवरच्या खोलीत बेस विसरलात तर मान वाकते, तारा वर उचलल्या जातात आणि दाबता दाबता बोटं सोलवटतात.

कानांचंही सांगते, कारण मी स्वतः आधी कापूस घालायचे. त्याचा फार उपयोग नाही. 85 डेसिबल आठ तास, आणि पुढं दर तीन डेसिबलला वेळ निम्मा, असा एक मानला गेलेला हिशेब आहे. त्या हिशेबानं 100 डेसिबलला पंधरा मिनिटं मिळतात. मी झांजेला खेटून तीन तास उभी असते. फोमचे बोळे औषधाच्या दुकानात मिळतात. आमच्या ड्रमरच्याच दुकानात मिळतात, तरी तो घालत नाही.

हात लहान आहेत म्हणून बेस जमणार नाही, असं मला बायका नेहमी म्हणतात. साध्या बेसची वाजती तार 34 इंचांची, पण 30 इंची वाद्यंही असतात. आणि खालच्या घरांवर चार बोटं चार घरांत ताणायची नाहीत. अनामिका आणि करंगळी मिळून एक बोट समजायचं, जुने डबल बेसवाले तसंच करत. मुंबईच्या मोहिनी डे यांना ए. आर. रहमान यांच्यासोबत वाजवताना यूट्यूबवर बघा आणि मग लहान हातांबद्दल बोलू. सुरुवात वापरलेल्या वाद्यावर करा. मान सरळ आहे ना आणि प्रत्येक घरात सूर स्वच्छ निघतो ना, एवढं दुकानातच तपासा. अॅम्प्लिफायर लगेच घेऊ नका, आधी रुंद पट्टा घ्या. खांदा आधी जातो.

गाणारे नागपुरात गल्लोगल्ली आहेत, गिटारवालेही पुष्कळ. बेसवाला मात्र गेल्या गणपतीत तीन ग्रुपना मिळत नव्हता आणि मी एका संध्याकाळी दोन मंडपांत वाजवलं. तुमच्या घरात लय पक्की असलेली, समोर उभं राहायला न आवडणारी मुलगी, सून किंवा आत्या असेल तर तिच्या हातात एकदा बेस देऊन बघा. कार्यक्रमाला पाठवाल तेव्हा वायर आणि तीन पिनांचा बोर्ड तिचा स्वतःचा द्या.