पाठीला खंदक, पायाशी खाडी
नाटे गावचा यशवंतगड : एका उतारावरच्या किल्ल्याची गोष्ट

किल्ला म्हटला की मराठी माणूस मान वर करतो. राजगड, तोरणा, साल्हेर ही आपली मापं. किनाऱ्यावर उतरलो तरी नजर सिंधुदुर्गासारखा पाण्यात उभा असलेला जलदुर्ग शोधते. राजापूर तालुक्यातल्या नाटे गावचा यशवंतगड या दोन्ही मापांत बसत नाही. तो शिखरावर नाही आणि बेटावरही नाही. जैतापूर खाडीच्या उत्तर काठाला सडा, म्हणजे जांभ्याचं सपाट पठार, जिथून पाण्याकडे उतरू लागतो, त्या उतारावर तो बसला आहे. पश्चिमेला समुद्राकाठी आंबोळगड, पैलतीरी जैतापूर आणि खाडीतून आत गेलं की राजापूर. या शेजाऱ्यांना वगळून यशवंतगड पाहिला तर झाडोऱ्यात दडलेली जांभ्याची तटबंदी एवढंच हाती लागतं.

खाडीचं मोल

सतराव्या शतकात राजापूर ही आदिलशाहीची भरभराटीची पेठ होती. घाटावरून बैलांच्या पाठीवर मिरी, कापड उतरायचं आणि अरबस्तान, इराणकडे रवाना व्हायचं. इंग्रजांनी १६४९ मध्ये इथे वखार घातली. मोठी गलबतं खाडीच्या तोंडाशी, जैतापूरला नांगर टाकत आणि तिथून माल लहान होड्यांनी राजापूरला जाई. म्हणजे पेठ राजापूरची, पण तिचा दरवाजा जैतापूर-नाट्याच्या पट्ट्यात.

हा दरवाजा किती नाजूक होता ते जानेवारी १६६० मध्ये दिसलं. अफझलखान मारला गेल्यावर त्याची गलबतं राजापूरच्या बंदरात असल्याचं कळताच शिवाजी महाराजांची माणसं ती ताब्यात घ्यायला आली. इंग्रजांनी खळखळ केली. तेव्हा त्यांचा दलाल आणि फिलिप गिफर्ड हा वखारवाला अशा दोघांना मराठ्यांनी जैतापूरलाच धरलं. गिफर्डची रवानगी खारेपाटणच्या किल्ल्यात झाली. पुढे त्याच वर्षी पन्हाळ्याच्या वेढ्यात राजापूर वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन वेढा घालणाऱ्या सिद्दी जौहरला दारूगोळा पुरवायला गेला, त्याची फेड महाराजांनी १६६१ मध्ये राजापूरची वखार खणून केली. वखारवाले १६६३ पर्यंत कैदेत राहिले.

यशवंतगडाच्या बांधणीचं श्रेय विजापूरकरांच्या अमदानीला दिलं जातं. धनी कोणीही असो, काम ठरलेलं होतं : खाडीत शिरणाऱ्या गलबतावर नजर ठेवायची, जकात बुडवू द्यायची नाही आणि राजापूरची वाट राखायची. कोकणात जवळपास प्रत्येक मोठ्या खाडीला असा राखणदार आहे. शास्त्रीच्या मुखाशी जयगड, मुचकुंदीच्या मुखाशी पूर्णगड, दक्षिणेला वाघोटणच्या मुखाशी विजयदुर्ग. त्याच माळेतला हा एक मणी.

युरोपातही हीच अक्कल चालली. जर्मनीत ऱ्हाइन नदीच्या दोन्ही काठांच्या उतारांवर मध्ययुगीन गढ्यांची रांग आहे आणि त्यातल्या कित्येक गढ्या जकातीवर पोसल्या गेल्या. काउब या गावी उतारावर गुटेनफेल्सची गढी होतीच. तिच्या पायथ्याशी, ऐन नदीपात्रातल्या खडकावर बवेरियाच्या लुडविग राजाने १३२६-२७ च्या सुमारास फाल्त्सग्राफेनश्टाइन हा जकातीचा बुरूज उभारला. वरची गढी आणि खालचा बुरूज यांच्या कात्रीतून व्यापाऱ्याची नाव सुटणं अवघड. आपल्याकडे तोंडावर आंबोळगड आणि आत यशवंतगड, ही जोडी त्याच धाटणीची.

उताराचं दुखणं

उतारावर गड बांधण्यात एक मोठी खोट असते. शिखरावरच्या गडाला चारही बाजूंनी कडा साथ देतो. उतारावरच्या गडाला पाण्याची बाजू सोपी, पण पाठीमागचा डोंगर त्याच्यापेक्षा उंच. शत्रूने वरची जागा धरली की गड त्याच्या तोफेखाली आला. म्हणून ऱ्हाइनकाठच्या गढ्यांत डोंगराच्या अंगाला खडक कापून खोल खंदक काढलेला दिसतो आणि त्यामागची भिंत सगळ्यांत जाड असते.

यशवंतगडाच्या कारागिरांनीही हेच केलं. जमिनीच्या अंगाला खंदक, त्याच्या आत तट आणि बुरूज, आणि उतारावरून खाली खाडीकडे गेलेला कोट. खाडी हा पाण्याच्या बाजूचा खंदक फुकटात मिळालेला. खंदक खणला की दगड आपोआप हाताशी येतो. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, त्याचे चिरे पाडता येतात. उघड्यावर वारा-ऊन लागलं की तो कडक होतो. कोकणातली चिरेखाण आजही याच गुणावर चालते. तटाचा एखादा चिरा जवळून पाहावा : अंगभर भोकं, आत लोखंडी तांबूस रंग, एका कडेला हत्याराचे समांतर फटकारे. त्या भोकांतून पावसाचं पाणी झिरपतं, त्याच भोकांत वड-पिंपळाचं बी रुजतं. ज्या गुणामुळे बांधकाम स्वस्तात झालं, तोच गुण आज त्याच्या मुळावर आला आहे.

हात बदलत गेले

१७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथांनी कान्होजी आंग्र्यांशी तह करून त्यांना शाहू महाराजांच्या बाजूला वळवलं. त्या तहात कान्होजींकडे राहिलेल्या किल्ल्यांत विजयदुर्गाबरोबर यशवंतगडाचं नाव येतं. राजापूर आणि खारेपाटणही त्याच यादीत आहेत. (याच नावाचा दुसरा गड रेडीला आहे, तो सावंतवाडीच्या टापूतला.) यादी नकाशावर मांडली की आंग्र्यांचा हिशेब कळतो : एकटं बंदर नव्हे, बंदर आणि घाटापर्यंतची वाट असं अख्खं खोरं हवं. १७५६ मध्ये पेशवे आणि इंग्रज यांनी मिळून तुळाजी आंग्र्यांचा विजयदुर्ग जिंकून घेतला आणि या किनाऱ्यावरचं आंग्र्यांचं आरमार संपलं. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, कर्नल इमलॅकच्या फौजेने दक्षिण कोकणातले किल्ले घेतले आणि हा टापू कंपनीकडे गेला. इथे मोठा रणसंग्राम गाजला नाही. जकातीच्या नाक्याचं नशीब पेठेबरोबर फिरतं. खाडी गाळाने भरत गेली, मुंबई मोठी झाली, राजापूरचा व्यापार ओसरला; राखायला काही उरलं नाही तेव्हा राखणदारही अडगळीत गेला.

जपायचं कुठून?

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यात विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग, सिंधुदुर्ग आणि खांदेरी आहेत. त्यांचा मान रास्तच. पण आरमार ज्या पैशावर उभं राहिलं तो पैसा खाड्यांतून येत होता, आणि त्याची गोष्ट सांगायला यशवंतगडासारखे मधल्या फळीतले गडच लागतात.

अशा गडाची डागडुजी करताना सगळ्यांचं लक्ष दर्शनी दरवाजा आणि बुरुजांकडे जातं. फोटो तिथेच काढले जातात. पण या किनाऱ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि सड्यावर कोसळणारं पाणी उताराने थेट तटाच्या पाठीवर येतं. खंदक मोकळा असेल तर तो ते पाणी अडवून बाजूला काढतो. माती आणि राडारोड्याने तो बुजला की पाणी तटामागे तुंबतं, भिजलेली माती फुगते आणि जांभ्याची भिंत बाहेरच्या अंगाला कलते. नवे चिरे बसवून, वर दर्जा भरून हे दुखणं जात नाही. तेव्हा आधी खंदक उपसावा, पाण्याला वाट द्यावी, मुळं चिऱ्यांना धक्का न लावता काढावीत, बुरुजांची रंगसफेदी मग बघता येईल. शत्रू वरून येईल, हा मूळ कारागिरांचा अंदाज अजूनही बरोबर आहे. आता त्याच्या हातात तोफ नाही, एवढाच फरक.