सागर ओलांडणारे शयनयान

यॉर्क येथील राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात ‘वागाँ-ली’ कंपनीचे ३७९२ क्रमांकाचे निळे शयनयान जतन केलेले आहे. १९३६ साली फ्रान्समध्ये बांधलेले हे यान लंडन-पॅरिस ‘नाइट फेरी’ गाडीसाठी होते. कंपनीच्या युरोप खंडातील यानांहून त्याचा सांगाडा लहान आहे. दोन्ही देशांत रुळांमधील अंतर एकच असले, तरी ब्रिटनमधील पूल व फलाट यांच्यामधून मोठे डबे जाऊ शकत नसत.

डोव्हर-डंकर्क हे अंतर डबे जहाजावर चढवून तोडले जाई. भरती-ओहोटीने जहाजाची पातळी बदले. म्हणून डोव्हरच्या बंदिस्त गोदीत पंपांच्या साहाय्याने पाणी योग्य पातळीस आणीत. नंतर डबे साखळदंडांनी जखडीत. त्या खडखडाटाने पुष्कळांची झोपमोड होई! तथापि मध्यरात्री बिछाना सोडावा लागत नसे, हेच येथील खरे ऐश्वर्य.

महायुद्धामुळे १९३९ मध्ये खंडित झालेली ही सेवा १९४७ मध्ये पुन्हा सुरू झाली व १९८० मध्ये कायमची थांबली. खाडीखालील बोगदा १९९४ मध्ये खुला झाला. दोन देशांच्या रेल्वेपद्धतींत साधलेला जुना मेळ मात्र या यानाच्या अरुंद बांध्यात आजही प्रत्यक्ष पाहावयास मिळतो.