अंबानगरी टू अरबी समुद्र: व्हाया शेगाव कचोरी!

वऱ्हाडातल्या पोरांना समुद्र किती लांब? रेल्वेने मुंबई गाठायची तर अकोल्याहून जवळपास ५८० किलोमीटर, अंबानगरी अमरावतीच्या बडनेऱ्याहून साडेसहाशेच्या वर! म्हणूनच आमच्या झूलॉजीच्या स्टडी टूरला लग्नाइतकी धामधूम होती. बॅगेत भिंग, वही, टॉर्च आणि आईने दिलेला ठेचा. शेगावला कचोरी चढली आणि क्लासरूम धावायला लागली. रत्नागिरी, मालवण, गोवा. चला, त्या फिरत्या वर्गात वेचलेले मोती घ्या ओंजळीत!

एक जिल्हा, दोन समुद्र

माहीत आहे का? अमरावती जिल्ह्यातला पाऊस दोन समुद्रांना वाटून जातो! पूर्णेच्या बाजूला पडलेला थेंब तापीतून सुरतेजवळ अरबी समुद्राला मिळतो. वर्धा नदीच्या बाजूला पडलेला प्राणहिता-गोदावरीमार्गे थेट बंगालच्या उपसागरात! अकोल्याची मोर्णा मात्र पक्की पश्चिमवाली. मोर्णा, पूर्णा, तापी आणि डुबकी!

रंगीत तालीम

खारं पाणी चाखायला कोकणात कशाला जायचं? पूर्णेच्या खोऱ्यात आपला खारपाणपट्टा आहेच. अमरावती, अकोला, बुलढाण्यातल्या शेकडो गावांत विहिरीचं पाणीच खारट!

शेजारी लोणार तर सुपरस्टार. उल्कापाताने बसाल्ट खडकात पडलेला खड्डा आणि त्यात खारट, अल्कधर्मी तळं. जून २०२० मध्ये ते चक्क गुलाबी झालं! कारण? मीठ आवडणारे सूक्ष्मजीव. समुद्राआधीची याहून रंगीत तालीम कुठली?

अंधारातून उजेडात

कोकण रेल्वे ऐन रंगात आली की बोगदेच बोगदे. रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा! सपाट काळ्या रानात वाढलेल्या आम्हा पोरांनी आत शिरताना आरोळी ठोकली. घसा बसला, तरी बोगदा संपला नव्हता.

टाइमटेबल? पंचांगात बघा!

समुद्राच्या वर्गाची घंटा चंद्र वाजवतो. भरती रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते. मग आजची वेळ कशी काढायची? कोकणातला जुना हिशेब एकदम फर्मास: तिथीची पाऊणपट करा! चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. अ‍ॅप नको, रेंज नको. वर्षभर संकष्टी धरणाऱ्या आमच्या मैत्रिणीचा भाव त्या दिवशी एकदम वधारला!

शंख चालून रायला!

ओहोटी लागली, खडक उघडे पडले, खळग्यांत पाणी उरलं. हीच आमची लॅब. एका खळग्याशी उकिडवे बसलो तोच एक जण ओरडला, “अबे, हा शंख चालून रायला!”

तो होता शंखातला खेकडा. याचं पोट मऊ, कवच नसलेलं. म्हणून हा दुसऱ्याचा रिकामा शंख घर म्हणून वापरतो आणि अंग वाढलं की घर बदलतो. आमची सावली पडली तसा सुर्रकन आत! मोठी नांगी दाराला आडवी लावून कडी बंद. आम्ही श्वास रोखून बसलो. आधी दोन मिशा, मग देठांवरचे दोन डोळे, मग एक पाय. स्वारी निघाली!

त्या दिवसापासून रिकामा शंख खिशात घालायला आमचा हात धजावत नाही. कुणाचा तरी टू बीएचके असायचा!

तारा आहे, डोकं नाही

तारामाशाला मेंदू नाही, रक्तही नाही. शरीरातल्या नळ्यांतून समुद्राचं पाणी खेळवायचं आणि त्या दाबावर बारीक पायांनी चालायचं. डोळे? प्रत्येक बाहूच्या टोकाला! म्हणजे बोटाच्या टोकावरून जग बघणारा हा खरा ‘टच स्क्रीन’.

दिल मांगे थ्री

बाजारातली म्हाकूल (स्क्विड) साधीसुधी समजू नका. तिला हृदयं तीन आणि रक्त निळं! आपल्या रक्तात लोह, तिच्या रक्तात तांबं. त्यानेच हा निळा रंग.

मुळं वर, मासा बाहेर

खाडीत सगळंच उलटं. तिवराची मुळं चिखलातून वर डोकावतात, कारण चिखलात हवा नाही. त्यांच्यामध्ये उड्या मारते निवटी: पाण्याबाहेर राहणारा, ओल्या कातडीतूनही श्वास घेणारा मासा! जाता जाता, २०२० मध्ये पांढरी चिप्पी हे महाराष्ट्राचं राज्य कांदळवन वृक्ष ठरलं आणि २०२३ मध्ये पापलेट झालं राज्यमासा. राज्यप्राणी शेकरू, राज्यपक्षी हरियालला नवे सोबती!

उन्हाळा म्हणजे मुलगी!

ऑलिव्ह रिडले कासवाचं पिल्लू नर की मादी, हे कोण ठरवतं? वाळूतली ऊब! गार वाळूत नर जास्त, तापलेल्या वाळूत माद्या जास्त. अकोल्याच्या मे महिन्यात घरटं असतं तर? पण तेवढ्या आचेत अंडीच टिकायची नाहीत. म्हणून तापत्या जगात वाळू फार गरम होऊ नये, ही काळजी आता अख्ख्या किनाऱ्याची.

बिल्ला नंबर ०३२३३

आता अंगावर काटा आणणारी गोष्ट. २०२१ मध्ये ओडिशात एका कासविणीला ०३२३३ नंबरचा बिल्ला लावला. २७ जानेवारी २०२५ ला तीच बाई गुहागरच्या वाळूत अंडी घालताना सापडली! अंतर सुमारे ३५०० किलोमीटर, पूर्वेचा समुद्र सोडून पश्चिमेला. अमरावतीच्या पावसासारखीच तीही दोन्ही समुद्रांची!

चोहीकडे खारं, मध्ये साखर

मालवणच्या समुद्रात १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे आणि तिथेच उभा आहे शिवरायांचा सिंधुदुर्ग. किल्ल्यात गोड्या पाण्याच्या विहिरी: दूधबाव, दहीबाव, साखरबाव! आमच्यातली खारपाणपट्ट्यातली एक मुलगी त्या पाण्याकडे बघतच राहिली. “आमच्याकडे समुद्र नाही तं पाणी खारं, अन् इथं समुद्रात गोड!” टूरमधलं सगळ्यात भारी वाक्य हेच.

विद्यापीठाचं भावंड

अकोल्याला कृषी विद्यापीठ, तसं दापोलीला. पण दापोलीच्या विद्यापीठाच्या हाताखाली रत्नागिरीत मत्स्य महाविद्यालय आहे आणि सागरी जीवांचं संशोधन केंद्रही! तिथला देवमाशाचा सांगाडा बघताना मान दुखते. शेवटचा मुक्काम गोव्यात: दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, जन्म १ जानेवारी १९६६. नव्या वर्षाचा बर्थडे!

किनारा वाढला!

शाळेत पाठ केलेला ७२० किलोमीटरचा किनारा आठवतो? नव्या बारीक मोजणीत महाराष्ट्राचा किनारा ८७७ किलोमीटरच्या पुढे गेला! समुद्र तोच, मोजपट्टी बारीक. जवळून बघितलं की सगळंच वाढतं, हे भिंगाने आम्हाला आधीच शिकवलं होतं.

आणि घरी...

परतल्यावर पहिला पाऊस. मोर्णेच्या पुलावर थांबलो. मातकट पाणी, त्यात गिरक्या घेत निघालेली एक प्लॅस्टिकची पिशवी. पूर्वी नजरही गेली नसती. आता माहीत होतं की हे पाणी कुठे निघालंय आणि समुद्रातलं कासव अशा पिशवीला जेलीफिश समजून गिळतं. काठाशी अडकली तशी खाली उतरून काढली.

माहीत आहे का? समुद्र ५८० किलोमीटर लांब नाही. तो पुलाखालून सुरू होतो!