काडीसारखे हातपाय आणि सुटलेले पोट

गेल्या पावसाळ्यात, रोवणीच्या दिवसांत, आम्ही भंडारा जिल्ह्यातील लाखनीला एका आप्ताच्या घरी मुक्कामाला होतो. शेजारच्या मावशी सकाळीच उपकेंद्रात जाऊन आल्या. आशाताईंनी आग्रह करून त्यांना तपासणीला नेले होते. रक्तात साखर वाढलेली निघाली. मावशींचा विश्वासच बसेना. ओसरीवर बसत त्या म्हणाल्या, "मी त काडीवानी हाव. मले कायची साखर? साखर त मोठ्या लोकायले होते!"

त्यांच्याकडे पाहिल्यावर कुणालाही त्यांचे म्हणणे पटले असते. हात-पाय बारीक, गाल बसलेले. जन्मभर दुसऱ्याच्या बांधीत वाकून धानाची रोवणी केलेली बाई. फक्त साडीच्या गाठीवर पोट तेवढे पुढे आलेले होते. त्या पोटाकडे ना त्यांचे कधी लक्ष गेले होते, ना आमचे.

लठ्ठपणा हा शेठ-सावकारांचा रोग, आपला नव्हे, अशी आपल्या वस्त्यांत पक्की समजूत आहे. जगातील देशांचे आकडे पाहिले तर ती समजूत सोडावी लागते. म्हणून हा विषय आज वाचकांपुढे ठेवत आहोत.

लठ्ठ कुणाला म्हणायचे?

वजन किलोमध्ये घ्यायचे आणि त्याला उंचीच्या (मीटरमध्ये) वर्गाने भागायचे. येणारा आकडा २५ किंवा त्याहून जास्त असेल तर वजन जास्त, आणि ३० किंवा त्याहून जास्त असेल तर लठ्ठपणा, असे जागतिक आरोग्य संघटना मानते. दीड मीटर उंचीच्या बाईचे वजन ५६ किलोच्या थोडे पुढे गेले की आकडा २५ होतो आणि साडेसदुसष्ट किलोला ३० होतो.

या मापाने २०२२ साली जगात १०० कोटींहून अधिक माणसे लठ्ठ होती. म्हणजे दर आठ माणसांत एक. १९९० पासून प्रौढांमधील प्रमाण दुपटीहून जास्त वाढले, तर मुलांमधील चौपट झाले. पण सगळ्या देशांत ते सारखे नाही. त्यात जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

देशोदेशींचे अंतर

सर्वांत जास्त लठ्ठपणा अमेरिकेत असेल असे आपल्याला वाटते. तसे नाही. तो आहे प्रशांत महासागरातील टोंगा, नाउरू यांसारख्या चिमुकल्या बेटांवर. तिथे शंभर प्रौढांमागे साठांहून अधिक माणसे लठ्ठ आहेत. अमेरिकेत हे प्रमाण शंभरात सुमारे चाळीस आहे. जपानमध्ये मात्र ते पाच-सहाच्या आसपास आणि व्हिएतनाममध्ये त्याहूनही कमी आहे.

मग टोंगाचे लोक खादाड आणि जपानचे लोक संयमी, असे समजायचे का? मुळीच नाही. नाउरूचीच गोष्ट घ्या. हे बेट अवघे २१ चौरस किलोमीटरचे. लोक मासे, नारळ आणि कंदमुळे खाऊन राहत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला परक्या कंपन्यांनी तिथली फॉस्फेटची माती खणायला सुरुवात केली. शेतांना खत म्हणून ती माती दूरदेशी गेली आणि बेटाची जमीन खडकाळ, ओसाड झाली. १९६८ साली देश स्वतंत्र झाला, हाती पैसा आला. पण पिकवायला जमीन कुठे उरली होती? अन्न जहाजातून येऊ लागले. पांढरा तांदूळ, साखर, डब्यातले मांस, गोड पेये. सत्तरच्या दशकात तिथे पाहणी झाली तेव्हा दर तीन प्रौढांपैकी सुमारे एकाला मधुमेह निघाला.

त्याच महासागरातील सामोआत परदेशातून टर्की पक्ष्याच्या शेपट्या येत. या शेपटीत बहुतेक चरबीच असते. श्रीमंत देशांत तिला गिऱ्हाईक नाही, म्हणून ती गरीब बेटांवर स्वस्तात विकली जाई. २००७ साली सामोआने तिच्यावर बंदी घातली. पुढे जागतिक व्यापार संघटनेत प्रवेश हवा म्हणून ती बंदी उठवावी लागली. श्रीमंतांनी टाकलेले गरिबाच्या ताटात येते, ही गोष्ट आपल्या समाजाला वेगळी समजावून सांगायची गरज नाही.

अमेरिकेतही तेच दिसते. तिथे काळ्या स्त्रियांमध्ये लठ्ठपणाचे प्रमाण शंभरात पन्नासांहून जास्त आहे. गरिबांच्या अनेक वस्त्यांत ताजी भाजी मिळेल असे दुकान जवळ नसते. तळलेले, गोड, डबाबंद मात्र कोपऱ्याकोपऱ्यावर आणि स्वस्त. दिवसाचे दोन-दोन कामधंदे करून थकलेली आई लेकरांसमोर तेच ठेवते. तिला दोष कसा द्यायचा?

उलट जपानने १९५४ साली शाळेतील जेवणाचा कायदा केला. तिथे प्राथमिक शाळेत भात, मासे, भाजी, सूप असे सर्वांना एकच जेवण मिळते आणि मुले आळीपाळीने ते एकमेकांना वाढतात. काय खावे हे तिथे मूल शाळेतच शिकते. मेक्सिकोने २०१४ पासून साखरेच्या पेयांवर लिटरमागे एक पेसो कर लावला. म्हणजे लठ्ठपणाचे प्रमाण माणसाच्या जिभेवर जेवढे, तेवढेच बाजारावर आणि सरकारच्या धोरणावर अवलंबून आहे.

आपल्या देशाचे दुहेरी दुखणे

३० च्या मापाने पाहिले तर भारतात शंभर स्त्रियांमागे सुमारे दहा आणि शंभर पुरुषांमागे सुमारे पाच लठ्ठ आहेत. आकडा लहान वाटतो. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २५ चे माप धरतात. २०१९-२१ च्या सर्वेक्षणात महाराष्ट्रातील शंभर स्त्रियांपैकी तेवीसांचे वजन जास्त होते. त्याच शंभरांत सुमारे एकवीस स्त्रिया गरजेपेक्षा बारीक होत्या. एकाच राज्यात, पुष्कळदा एकाच घरात, सून अशक्त आणि सासूचे पोट सुटलेले.

आपल्याकडे आजही खेड्यापेक्षा शहरात आणि गरिबांपेक्षा सधन घरांत लठ्ठपणा जास्त आहे, हे खरे. पण देशात पैसा वाढत जातो तसा हा रोग श्रीमंतांकडून गरिबांकडे सरकतो, असा बऱ्याच देशांचा अनुभव आहे. श्रीमंत फळे आणि व्यायाम विकत घेतो. गरिबाच्या वाट्याला स्वस्त पीठ, तेल आणि साखर राहते.

पुण्याच्या खेड्यांनी दिलेले उत्तर

मग काडीसारख्या मावशींना साखर का झाली? याचे उत्तर आपल्याच महाराष्ट्रात सापडले आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर मातांचा अभ्यास सुरू केला. या बाळांचे जन्माचे वजन सरासरी २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो होते. आपली बाळे हाडापेराने आणि मांसाने लहान होती, पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. सडपातळ दिसणारी, पण आतून चरबी धरणारी ही बाळे.

२००४ साली याज्ञिक यांनी आपला आणि एका इंग्रज डॉक्टरांचा फोटो शेजारी-शेजारी छापला. वजन-उंचीचा आकडा दोघांचा अगदी सारखा, २२.३. पण त्या इंग्रज डॉक्टरांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के होती आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के!

आईच्या पोटात असताना अन्न कमी पडले की बाळाचे शरीर मांस आणि अवयव यांच्या वाढीत काटकसर करते, चरबी मात्र राखून ठेवते. पुढे त्याच शरीराला नुसता भात-साखर भरपूर मिळाली आणि मेहनत घटली, की चरबी पोटात साठते आणि मधुमेह लवकर गाठतो. म्हणूनच भारतीयांसाठी डॉक्टर लठ्ठपणाचे माप २५ धरतात आणि २३ पासूनच सावध करतात. आजीची उपासमार नातवाच्या पोटावर अशी उमटते. पिढ्यान्पिढ्या ज्यांच्या ताटात कमी पडले, त्यांनी तर हे अधिकच जपायला हवे.

याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. ज्या माता हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक वेळा घेत होत्या त्यांची बाळे चांगली भरली होती. अति कष्टाचे काम करणाऱ्या मातांची बाळे लहान होती.

लाखनीचे ताट

भंडारा हा धानाचा आणि तलावांचा जिल्हा. जुन्या ताटात भात होताच, पण सोबत धुऱ्यावरची तूर, जवसाची चटणी, अंबाडी, पावसाळ्यातला तरोटा, तलावातली मासोळी असे. आणि भात पचवायला दिवसभराची मेहनत असे. तो काळ चांगला होता असे आम्ही म्हणत नाही. उपाशीपोटी झोपणे आपल्या घरांनी फार सोसले आहे. रेशनचा तांदूळ आता मोफत मिळतो, हा आपला हक्कच आहे. पण पोट भरले, ताट मात्र भरले नाही. दोन्ही वेळा भाताचा डोंगर आणि आलूचा रस्सा. सकाळी गोड चहा आणि टोस्ट. लेकराच्या हातात पाच रुपयांचे रंगीत पुडके. चिखलणी ट्रॅक्टर करतो, कापणी यंत्र करते. कष्ट कमी झाले, हे बरेच झाले. पण भात तेवढाच राहिला.

इथे कोसलच्या पसेनदी राजाची आठवण होते. संयुत्त निकायात ती कथा आहे. राजा मोठे माप भरून भात खात असे. एकदा तो जेवून, धापा टाकत भगवान बुद्धांकडे आला. बुद्धांनी त्याला हिणवले नाही, उपासही सांगितला नाही. जेवणात मात्रा ओळखावी, एवढेच सांगितले. राजाने आपल्या सेवकाला तो उपदेश रोज जेवताना म्हणायला लावले आणि भात हळूहळू कमी करत थोड्या मापावर आणला. पुढे त्याचे अंग हलके झाले आणि त्याने बुद्धांचे उपकार मानले.

राजाचे ताट राजाच्या हातात होते. आपले ताट अर्धे आपल्या हातात आहे आणि अर्धे बाजाराच्या. म्हणून दोन्हीकडे काम केले पाहिजे.

घरी काय कराल?

आज संध्याकाळीच एक दोरी घ्या. ती आपल्या उंचीएवढी कापा आणि मधोमध दुमडा. ही अर्धी दोरी पोटाभोवती बेंबीच्या पातळीवर पुरली पाहिजे. पुरली नाही तर सावध व्हा. टेप असेल तर बाईची कंबर ८० सेंटिमीटर आणि पुरुषाची ९० सेंटिमीटर ही मर्यादा समजा.

भात एक वाटी कमी आणि डाळ-भाजी एक वाटी जास्त करा. परसात शेवगा आणि अंबाडी लावा. चहातील साखर एकदम नव्हे, पसेनदी राजासारखी हळूहळू कमी करा. तीस वर्षांवरील प्रत्येकाने उपकेंद्रात जाऊन साखर आणि रक्तदाब तपासून घ्या. त्याला पैसे लागत नाहीत. घरातील मुलगी आणि गरोदर सून यांना शेवटी, उरलेसुरले वाढण्याची रीत मोडा. अंडे, मासोळी, दूध यांचा पहिला वाटा त्यांचा. मुलांच्या शाळेतील जेवणात डाळ आणि भाजी पुरेशी पडते का, हे पालकसभेत विचारा. महिला मंडळाने रेशन दुकानात डाळही मिळावी म्हणून अर्ज करावा.

मावशींना आम्ही निघताना दोरीचे माप दाखवले. दोरी चार बोटे कमी पडली. त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग सुनेला, ती पाच महिन्यांची गरोदर होती, त्यांनी हाक मारली आणि म्हणाल्या, "आजपासून तू आदी जेवशीन. मी मांगून."

एका घरात बदल असा सुरू झाला. तो आपल्या प्रत्येक घरात व्हावा.