पाटीवर वेब्ली, पोलादावर एनफिल्ड

काचेच्या पेटीतली पाटी म्हणत होती, ‘वेब्ली रिव्हॉल्व्हर, दुसरे महायुद्ध’. संग्रहालयाचं नाव नको. चूक कुणाकडूनही व्हावी अशीच आहे. मधोमध मोडून उघडणारी चौकट, .३८ची नळी, सहा घरांचं सिलिंडर. लांबून वेब्ली आणि एनफिल्ड जुळी भावंडं. मी मान तिरकी करून उजवी बाजू पाहिली. मुकुट, त्याखाली ‘एनफिल्ड’, ‘नं. २’, ‘मार्क १’ आणि वर्ष. मार्कच्या आकड्याला खेटून एक चांदणी, किंचित कललेली.

आकडे एका ओळीत नीट बसलेले, चांदणी मात्र वेगळ्या हाताची. १९३२ साली ब्रिटिश लष्करानं हे रिव्हॉल्व्हर स्वीकारलं तेव्हा चांदणी नव्हती. १९३८च्या सुधारणेत हॅमरची अंगठ्यानं ओढायची शेपटी काढून टाकली. ती रणगाड्यात अडकायची, असं कारण सांगतात. मग दुरुस्तीला आलेली जुनी हत्यारंही तशीच बदलली आणि ‘मार्क १’पुढे चांदणी ठोकली. म्हणजे तो कललेला ठसा बदलीचा शेरा असू शकतो. कारखान्यात पूर्ण दुरुस्ती झालेल्या हत्यारांवर ‘एफ.टी.आर.’ ही अक्षरं आणि वर्षही सापडतं. अशा वेळी जन्माचं साल एक आणि दुरुस्तीचं दुसरं. हौशी मंडळी हमखास इथंच गंडतात.

जुळेपणामागे भांडण आहे. .३८चा आराखडा बर्मिंगहॅमच्या वेब्ली अँड स्कॉटनं पुढे केला, सरकारनं त्याच धर्तीचं रिव्हॉल्व्हर आपल्या एनफिल्ड कारखान्यात काढलं. वेब्लीनं २२५० पौंड मागितले, पदरात १२५० पडले. युद्ध पेटल्यावर त्याच सरकारला वेब्लीचं मार्क ४ विकत घ्यावं लागलं, हे वाचून मला तरी बरं वाटलं. घाईत झिलई कोण करणार? वेब्लीनं थेट ‘वॉर फिनिश’ असं चौकटीवर ठोकलं. खडबडीतपणा आमचा नव्हे, काळाचा, असं ग्राहकाला बजावणारा इतका सरळ ठसा मी दुसरा पाहिलेला नाही.

सरकारी मालकीची खूण म्हणजे पक्ष्याच्या पावलासारखा तीन रेघांचा बाण. दोन बाण टोकाला टोक लावून समोरासमोर दिसले, की हत्यार सेवेतून विकलं गेलं. पण बाजारात यायचं तर आधी सरकारमान्य चाचणी. बर्मिंगहॅमचं चाचणीघर १८१३ सालच्या कायद्यानं उभं राहिलं. तिथं नेहमीपेक्षा जास्त दारू भरून बार काढत आणि नळी टिकली तरच छाप मारत. १९०४पासून १९५४पर्यंतच्या छापांत मुकुटाखाली ‘बीपी’, ‘बीव्ही’ किंवा ‘एनपी’ ही अक्षरं येतात. शेवटची जोडी धूरविरहित दारूची.

ठसा पाहायचा तो बॅटरीचा उजेड आडवा टाकून. मूळ ठशाच्या कडेला पोलाद किंचित उसळलेलं असतं. कुणी घासून नवं पाणी चढवलं असेल, तर ती उसळी जाते आणि अक्षरं खरकट्या ताटावरच्या नावासारखी पुसट होतात. चौकट, नळी आणि सिलिंडर यांचे नंबर जुळतात का, हेही पाहावं.

युद्धकाळात ग्लासगोच्या अल्बियन मोटर्सनंही ही एनफिल्ड रिव्हॉल्व्हरं बनवली. काहींच्या सुट्या भागांवर मात्र ‘एसएसएम’ दिसतं. ती क्लाइडबँकच्या सिंगर शिवणयंत्र कारखान्याची खूण. भाग तिथं घडत, जोडणी एनफिल्डला होई. आमच्या आजीच्या शिवणयंत्राचा नंबर ‘वाय’नं सुरू होतो. तेही क्लाइडबँकचंच.