तडा मागून सांधायचा

पत्र्याच्या गाडीला ठोकर बसली की पत्रा चेपतो. फायबरच्या भागाला बसली की तो तडकतो. हा फरक लक्षात न घेतल्यामुळे फायबरच्या दुरुस्तीची उगाच बदनामी झाली आहे. पत्र्यातला खड्डा बुजवायला सरावलेला हात फायबरच्या तड्यावरही लांबीच (पुटी) थापतो, थोड्याच दिवसांत रंगाखालून तोच तडा पुन्हा वर येतो आणि मग ‘फायबर एकदा फुटलं की गेलं’ असं ठरवून टाकलं जातं. दोष मालाचा नाही, पद्धतीचा आहे. फायबरचा तडा घरच्या घरी पक्का सांधता येतो. मात्र तो मागून सांधावा लागतो, आणि मुळात तो का पडला याचा शोध बोल्टच्या भोकांपाशी घ्यावा लागतो.

गाडीच्या बॉडीची दुरुस्ती घरी करणं सुरक्षित आहे का, हा आक्षेप रास्त आहे. उत्तर गाडीच्या रचनेत आहे. 1953 साली शेव्हरोलेने फायबरच्या बॉडीची कॉर्व्हेट आणली. पहिल्या वर्षी अवघ्या 300 गाड्या बनल्या. आपल्याकडे 1980 च्या दशकात बंगळूरच्या सिपानीने ब्रिटिश रिलायंट किटनवरून डॉल्फिन काढली, तिचीही बॉडी फायबरचीच. या गाड्यांत लोखंडी चासी वेगळी असते, बॉडी हे तिच्यावरचं कवच. 1957 च्या लोटस एलीटमध्ये मात्र वेगळी चासीच नव्हती. सगळा भार फायबरच्या कवचावर होता. तेव्हा मडगार्ड, बॉनेट, जीपचा हार्डटॉप अशा भार न पेलणाऱ्या भागांची कामं घरी करावीत. सीटबेल्ट, सस्पेन्शन किंवा दाराच्या बिजागऱ्या जिथे जोडल्या आहेत त्या जागेला मात्र हात लावू नये. शिवाय आजच्या बहुतेक गाड्यांचे बंपर फायबरचे नसून प्लास्टिकचे असतात आणि त्यांना फायबरच्या कामाचं रेझिन धरत नाही. आतली बाजू पाहावी: खरखरीत, धागे दिसणारी असेल आणि घासल्यावर पांढरी भुकटी पडत असेल तर ते फायबर.

लांबी का टिकत नाही? फायबरची ताकद काचेच्या धाग्यांत असते. रेझिन फक्त त्यांना धरून ठेवतं. तडा गेला म्हणजे धागे तुटले, आणि लांबीत ते धागे नसतातच. म्हणून नवे धागे जुन्यांवर लांबपर्यंत चढवावे लागतात. 3 मिलिमीटर जाडीच्या भागाला तड्याच्या दोन्ही अंगांना साधारण 36 मिलिमीटर, म्हणजे जाडीच्या बारापट, मागच्या बाजूने उतार घासून काढायचा. हे पाहून छाती दडपते, चांगला भाग उगाच खरवडतोय असं वाटतं. पण वाळलेलं जुनं रेझिन नव्याशी एकजीव होत नाही. नवं रेझिन खरखरीत पृष्ठभागाला पकडून राहतं, म्हणून पकडायला जागा भरपूर हवी. घासण्याआधी मेण आणि पॉलिश पुसून घ्यावं, नाहीतर ते घासताना आत मुरतं. तड्याच्या टोकाला 3 मिलिमीटरचं भोक पाडलं की तो पुढे धावत नाही.

मग मॅट, म्हणजे काचेच्या धाग्यांची चादर. चौरस मीटरला 450 ग्रॅमच्या मॅटचा एक थर वाळल्यावर जेमतेम मिलिमीटरभर होतो, म्हणजे तीन थर लागतात. मॅटच्या वजनाच्या दुप्पट-अडीचपट पॉलिएस्टर रेझिन घ्यावं आणि त्यात 1 ते 2 टक्के हार्डनर. ब्रश फिरवायचा नाही, ठोकायचा. पांढरीशुभ्र मॅट बघता बघता पारदर्शक होत जाते. जिथे पांढरा ठिपका उरला तिथे हवा अडकलेली असते आणि उद्याचा तडा तिथूनच सुरू होतो. एपॉक्सीची पकड जास्त, मग तेच का नको? जरूर वापरावं, पण विणलेल्या कापडाबरोबर. मॅटचे धागे बांधणारा चिकटा पॉलिएस्टरमधल्या स्टायरिनने विरघळतो. एपॉक्सीत स्टायरिन नसल्यामुळे मॅट ताठच राहते. पावसाळ्यात मॅट ओल धरते, त्यामुळे दिवाळीनंतरचे कोरडे दिवस या कामाला उत्तम.

एका बाबतीत मात्र तडजोड नको. साधा मास्क धूळ अडवतो, स्टायरिनची वाफ नाही. तिच्यासाठी कार्ट्रिजचा मास्क हवा आणि काम उघड्यावर हवं. हार्डनर डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते, म्हणून संरक्षक चष्मा लावावाच. रेझिन लवकर वाळावं म्हणून घालायचं कोबाल्ट वेगळं मिळालं तर ते आधी रेझिनमध्ये पूर्ण मिसळावं, मगच हार्डनर घालावा. दोन्ही थेट एकत्र आले तर स्फोट होऊ शकतो.

‘एवढ्या खटपटीपेक्षा नवा भाग आणावा’ असं कुणी म्हणेल. पण जुन्या गाड्यांचे भाग मिळणं कठीण, आणि वाळलेलं फायबर वितळवून पुन्हा वापरताही येत नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे बसवताना ताण राहिला तर नवा भागही तडकतो. हाताने बनवलेले दोन भाग हुबेहूब सारखे नसतात. भोकं जुळत नाहीत म्हणून बोल्टने ओढून बसवले की भोकाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तडे उमटतात. म्हणून रंगाआधी भाग कोरडाच बसवून पाहावा. भोक ओढून जुळवू नये, कानशीने मोठं करावं. फट राहील तिथे पट्टी भरावी, मोठा वायसर आणि रबर घालावं. सगळे बोल्ट आधी बोटांनी लावावेत, दार उघडून-मिटून फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे का ते पाहावं आणि मगच पाना हातात घ्यावा. रबर जरासं दबलं की थांबावं.