तेलातून आलेली सूज

१९९८ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीच्या रुग्णालयांत पाय सुजलेली माणसे येऊ लागली. एकेकटी नव्हे, घरेच्या घरे. आधी उलट्या-जुलाब, मग घोट्यापासून वर चढत जाणारी सूज. पायांची कातडी लालसर, हात लावला तरी दुखणारी. काहींना चार पायऱ्या चढल्या की धाप. बाधितांचा आकडा तीन हजारांच्या घरात गेला आणि साठांहून अधिक माणसे दगावली. साथ कुठल्या जंतूची नव्हती, डासाची नव्हती, पाण्याचीही नव्हती. ती मोहरीच्या तेलातून आली होती. वैद्यकाच्या पुस्तकात तिला ‘एपिडेमिक ड्रॉप्सी’ म्हणतात. तिचे कारण दिल्लीच्या साथीआधी साठ वर्षे शोधले गेले होते, आणि तरी ती पुन्हा आली.

बोटाने दाबल्यावर

सूज म्हणजे पाणी साठणे, हे कुणीही सांगेल. ते कुठे साठते, हे पाहिले की पुढचे समजते. सत्तर किलो वजनाच्या पुरुषाच्या शरीरात साधारण ४२ लिटर पाणी असते. त्यातले दोन तृतीयांश पेशींच्या आत असते. रक्तातल्या पातळ भागाचा वाटा जेमतेम तीन लिटरांचा. उरलेले दहा-अकरा लिटर पेशींच्या मधल्या फटींत असते. सूज येते ती या फटींतले पाणी वाढल्यामुळे. दोन-अडीच लिटर जादा साठेपर्यंत डोळ्यांना फारसे काही दिसत नाही. वजनाचा काटा मात्र आधीच वर सरकलेला असतो. पुढे नडगीवर अंगठा दाबून उचलला की खळगा उरतो आणि तो हळूहळू भरून येतो.

हे पाणी फटींत जाते कसे आणि परत येते कसे, याचा हिशेब १८९६ मध्ये इंग्लंडच्या अर्नेस्ट स्टार्लिंगने मांडला. केशवाहिनीतला रक्ताचा दाब पाणी बाहेर ढकलतो. रक्तातली प्रथिने, विशेषतः अल्ब्युमिन, ते आत ओढून धरतात. एवढे करून जे थोडे बाहेर उरते ते लसिकावाहिन्या गोळा करून रक्तात परत सोडतात. या व्यवहारात कुठेही बिघाड झाला की सूज येते. हृदय थकले की शिरांमधला दाब वाढतो. मूत्रपिंडातून प्रथिने गळू लागली, यकृताने ती बनवणे कमी केले किंवा पोटालाच पुरेसे मिळाले नाही, तर ओढून धरणारे बळ जाते. हत्तीरोगात लसिकांचा मार्ग तुंबतो. चौथी तऱ्हा अशी, की केशवाहिन्यांच्या भिंतीच झिरपू लागतात.

सुजेचे निरीक्षण फार जुने आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात श्वयथूवर स्वतंत्र अध्याय आहे. युरोपात ड्रॉप्सी, म्हणजे सूज, हाच एक आजार मानला जाई. १७८५ मध्ये विल्यम विदरिंगने फॉक्सग्लोव्ह या वनस्पतीने सूज उतरते हे दाखवले आणि १८२७ मध्ये रिचर्ड ब्राइटने काही रुग्णांच्या सुजेचा संबंध बिघडलेल्या मूत्रपिंडांशी जोडला. तेव्हापासून सूज आली की शरीरातला कोणता अवयव बिघडला ते शोधायचे, अशी डॉक्टरांची रीत पडली. एकट्या माणसाच्या बाबतीत ती रास्तच आहे. पण एकाच घरातल्या चार जणांची हृदये एका आठवड्यात थकत नाहीत. मग कारण शरीराबाहेर, सगळ्यांच्या ताटात येणाऱ्या कशात तरी शोधावे लागते.

तांदळावर आळ

भारतात या साथीची पहिली नोंद १८७७ ची, कोलकात्याची. पाठोपाठ मॉरिशसमध्ये, तिथे मजुरीला गेलेल्या भारतीयांतही ती दिसली. पुढची पन्नास वर्षे बंगालमध्ये ती अधूनमधून डोके वर काढत राहिली आणि डॉक्टरांना चकवत राहिली. पाय सुजणे आणि हृदय दुबळे होणे ही बेरीबेरी या आहारातल्या उणिवेच्या आजाराचीही लक्षणे. त्यामुळे हा बेरीबेरीचाच प्रकार असावा, असे अनेकांना वाटे. बंगाली माणसाचे मुख्य अन्न भात, तेव्हा संशय तांदळावर गेला. ओलसर कोठारात साठवलेल्या तांदळात विष तयार होते, हे मत कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधल्या संशोधकांनीही १९२० च्या दशकात मांडले होते.

पण तांदळाच्या कारणात काही गोष्टी बसत नव्हत्या. अंगावर पिणारी बाळे बहुधा सुटत, बाकीचे घर आजारी पडे. भात खाणाऱ्या सगळ्याच घरांत आजार येत नसे. १९२६ मध्ये एस. एल. सरकार यांनी ‘इंडियन मेडिकल गॅझेट’मध्ये बोट ठेवले ते मोहरीच्या तेलात मिसळल्या जाणाऱ्या एका काटेरी रोपाच्या तेलावर. त्याकडे फारसे लक्ष गेले नाही. १९३७ मध्ये कोलकात्याच्याच ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ हायजीन अँड पब्लिक हेल्थमधले आर. बी. लाल आणि एस. सी. रॉय यांनी साथीचा पद्धतशीर माग काढला आणि तेलाचा दोष पक्का झाला. १९४८ मध्ये एस. एन. सरकार यांनी त्या तेलातून विषारी द्रव्य वेगळे केले: सँग्विनारिन.

हे द्रव्य केशवाहिन्या फुगवते आणि त्यांच्या भिंती सैल करते, म्हणजे सुजेची ती चौथी तऱ्हा. जुन्या रबरी नळीला सर्वांगावर बारीक भेगा पडाव्यात तसे रक्तातले पाणी प्रथिनांसकट बाहेर झिरपते. पाय लाल होतात ते फुगलेल्या केशवाहिन्यांमुळे. काहींच्या डोळ्यांतला दाब वाढून काचबिंदू होतो. मृत्यू येतो तो बहुधा हृदय थकून. यावर उतारा नाही. तेल बंद करायचे, विश्रांती, प्रथिनयुक्त आहार, गरजेप्रमाणे लघवीचे प्रमाण वाढवणारी औषधे. बहुतेक रुग्ण यातून बरे होतात, पण महिने लागतात.

पिवळा धोत्रा

ते काटेरी रोप आपल्या नेहमीच्या पाहण्यातले आहे. आपण त्याला पिवळा धोत्रा किंवा काटेधोत्रा म्हणतो. नाव धोत्र्याचे असले तरी कूळ अफूचे. वनस्पतिशास्त्रातले त्याचे नाव आर्जेमोन मेक्सिकाना. मूळ अमेरिका खंडातले. हिवाळ्यात पडीक जमिनीवर, रस्त्याच्या कडेला, नदीच्या वाळूत ते माजते. निळसर हिरव्या पानांवर पांढऱ्या शिरा, कडेला काटे. पान तोडले की पिवळा चीक येतो. फूल लिंबासारखे पिवळेधमक, पाकळ्या कागदासारख्या. बोंडही काटेरी, सुकले की टोकाशी उकलते आणि आतून काळपट बारीक बी सांडते.

घोळ या बियांनी केला. आकाराने आणि रंगाने त्या मोहरीच्या जवळ जातात. तळहातावर घेऊन नीट पाहिले तर मोहरी गुळगुळीत असते आणि धोत्र्याच्या बीवर जाळीदार खडबडीत नक्षी असते. पण पोत्यात हात घालून कोण एवढे पाहतो? उत्तर भारतात मोहरी काढणीला येते त्याच सुमारास, मार्च-एप्रिलच्या आसपास, हे तणही पिकते. तेव्हा थोडी भेसळ शेतातच, कुणाच्या मनात नसताना होते. मुद्दाम केलेल्या भेसळीचा हिशेब वेगळा. तणाच्या बियांना गोळा करण्याच्या मजुरीपलीकडे किंमत नाही आणि त्यांत तेल भरपूर.

ओळखायची युक्ती स्वस्त आहे. परीक्षानळीत तेल घेऊन त्यात तीव्र नायट्रिक आम्ल घालून हलवले आणि नारिंगी-तांबूस रंग आला, तर धोत्र्याचा संशय घ्यावा. भेसळ पाव टक्क्याच्या खाली असेल तर ही चाचणी चुकू शकते. त्यासाठी क्रोमॅटोग्राफी आहे, ती कितीतरी बारीक प्रमाणही पकडते. घरी ही चाचणी करू नये, आम्ल हात भाजते. ती व्हायला हवी गिरणीत, आणि तीही पोते उतरल्यावर, बाटली भरण्याच्या आधी.

कायदा आणि घाणा

अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा १९५४ पासून होता. खाद्यतेलात धोत्र्याचे तेल नसावे हा नियमही होता. तरी १९९८ मध्ये दिल्लीत जे व्हायचे ते झाले. दिल्ली सरकारने मोहरीच्या तेलाच्या विक्रीवर बंदी घातली. केंद्राने त्याच वर्षी आदेश काढून सुटे खाद्यतेल विकणे बंद केले आणि बंद पाकिटाची सक्ती आणली. सवलतीची मुभा राज्यांना ठेवली. यावर गदारोळ झाला. वंदना शिवा यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी याला विरोध केला. या निर्णयाने गल्लीतला घाणीवाला मरतो आणि आयात सोयातेलाला रान मोकळे होते, असे त्यांचे म्हणणे. शंका अगदीच निराधार नव्हती. पण सुट्या तेलाचा माग काढता येत नाही, हेही खरे होते. पाकिटावर निदान भरणाऱ्याचे नाव असते. २००० साली ग्वाल्हेरमध्येही ही सूज दिसली. शिंदेशाहीपासून मराठी कुटुंबे नांदत आलेल्या त्या शहरातही स्वयंपाक बऱ्याच घरांत मोहरीच्या तेलाचा.

महाराष्ट्रात हा आजार विरळा, याचे कारण आपले शहाणपण नव्हे, आपली चव. आपल्याकडे तेल शेंगदाण्याचे, करडईचे, सूर्यफुलाचे किंवा सोयाचे, मोहरी फोडणीपुरती. पण मुंबई-पुण्याच्या दुकानांत मोहरीचे तेल सहज मिळते, लोणच्यात पडते, मालिशीलाही वापरले जाते. धोत्र्याची भेसळ असलेले तेल अंगाला चोळल्यानेही हा आजार झाल्याची नोंद वैद्यकीय साहित्यात आहे. फोडणीत कडकडीत तापवल्याने विष निघून जाईल, असाही भरवसा नाही.

अलीकडे शहरांतून लाकडी घाण्याच्या तेलाची हौस वाढली आहे. समोर गाळून बाटलीत भरून देतात, म्हणून लोकांना ते विश्वासाचे वाटते. पण घाणा लाकडाचा असो की लोखंडाचा, तो बी निवडत नाही. जे टाकाल ते गाळतो. तेव्हा घाणीवाल्याला घाणा कशाचा आहे हे विचारण्यापेक्षा बी कुठून आणले, कुणी चाळले आणि पोते उघडून दाखवणार का, हे विचारावे. जो उघडून दाखवतो त्याच्याकडून तेल घ्यावे. जो टाळाटाळ करतो त्याच्याकडे पुन्हा जाऊ नये, मग तेल कितीही शुद्ध दिसो.